सामारितानाच्या शुक्रवारसाठी आग्वा फ्रेस्का : वाहाकामधल्या प्रकल्प नोंदी

१ मार्च २०२५, शनिवार

प्रकल्प काय आहे ते आधी नीट लिहून ठेवते. मेक्सिकोतल्या वाहाका शहरात, ईस्टरच्या आधीच्या उपासकाळातल्या चौथ्या शुक्रवारी सामारितानाचा, म्हणजे शोमरोनी बाईचा, दिवस असतो, यंदा तो २८ मार्चला येतोय. योहानाच्या शुभवर्तमानात ती गोष्ट आहे ना, याकोबाच्या विहिरीपाशी दमून बसलेला येशू पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे प्यायला मागतो, तिची आठवण म्हणून इथली चर्चेस, शाळा, दुकानं, ऑफिसं आणि साधी राहती घरंसुद्धा दारात टेबल मांडतात आणि येईल त्याला आग्वा फ्रेस्का देतात. पैसे घ्यायचे नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई लावतात तसंच, फक्त माठात साध्या पाण्याऐवजी फळांचं पाणी. आम्ही हालात्लाको भागात भाड्याने राहतो, घरमालकीणबाई दरवर्षी दारात मांडतात, यंदा त्यांचा खांदा दुखतोय म्हणून विचारलं की मिहा, म्हणजे पोरी, तू करशील का, आणि मी लगेच हो म्हणाले कारण इथे आल्यापासून हे शिकायचं मनात होतंच.

चार प्रकार माझ्याकडे आलेत, हमायका म्हणजे लाल अंबाडीचं, ओर्चाता म्हणजे तांदळाचं, चिया घातलेलं लिंबाचं आणि कलिंगडाचं. पाचवं चिलाकायोताचं, म्हणजे एका भोपळ्याचं, त्या स्वतः करणार, त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. प्रत्येकाचा एक वित्रोलेरो भरायचा, ती मोठ्या तोंडाची गोल बरणी असते, आमच्याकडच्या २० लिटरच्या आहेत, म्हणजे पाव लिटरच्या ग्लासाने एका बरणीत ८० ग्लास. पाणी सगळं गाराफोनचं, म्हणजे २० लिटरचा प्युरिफाइड पाण्याचा जार येतो तो. नळाचं पाणी इथे पीत नाहीत आणि या दिवसांत ते रोज येतही नाही, गच्चीवरची टाकी आणि टँकर यावर गल्लीचं भागतं. पाऊस मेच्या शेवटी नाहीतर जूनमध्ये. अशा कोरड्या महिन्यात अख्खं शहर पाणी वाटतं हे मला फार मोठं वाटतं, म्हणून हे काम नीट करायचंय.

कामाचं सूत्र मी स्वतःसाठी असं ठरवलंय की हा ज्यूस नाहीये. यात फळ पाण्याला चव द्यायला असतं. उन्हातून चालत आलेल्या माणसाला उभ्या उभ्या दोन ग्लास पिता आले पाहिजेत, दाट ज्यूसचे दोन ग्लास कुणी पीत नाही. तेव्हा सगळ्या टेस्ट एकाच गोष्टीच्या, पाणी कुठवर वाढवता येतं आणि तरीही फळ कळतं.

८ मार्च, शनिवार

सेंत्राल दे आबास्तोसला जाऊन आले, म्हणजे शहराचं घाऊक मार्केट, शनिवारी तिथे आजूबाजूच्या गावांतून माणसं माल घेऊन येतात त्यामुळे गर्दी खूप पण बघायला पण खूप मिळतं. आज मुख्य खरेदी हमायकाची. ही आपली लाल अंबाडीच, सगळे हमायकाचं फूल म्हणतात पण सुकवतात ते पाकळ्या गळून गेल्यावर बोंडाभोवती राहणारं जाड लालभडक आवरण. झाड मूळचं आफ्रिकेकडचं, आता मेक्सिकोत सगळ्यात जास्त पिकतं ते गेरेरो राज्यात, वाहाकाच्या किनारपट्टीलाही होतं. बाजारात बाहेरदेशची स्वस्त हमायकाही असते, तिचा चुरा जास्त. मी घेतली ती अख्खी, दाबल्यावर कडकन न मोडता थोडी वाकणारी, रंग काळपट लाल, आणि एक तुकडा जिभेवर ठेवला की लगेच पाणी सुटलं पाहिजे तोंडाला. विकणाऱ्या बाईंनी स्वतःहूनच एक तुकडा हातावर ठेवला, चाखल्याशिवाय घेऊ नका म्हणाल्या.

दालचिनी पण आज घेतली. इथे जी लागते ती श्रीलंकेची, पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडली जाते. श्रीलंकेची दालचिनी सगळ्यात जास्त मेक्सिकोच विकत घेतं, आणि ओर्चाता प्यायल्यावर त्याचं नवल वाटत नाही. आपल्याकडे किराणा दुकानात जाड सालीची मिळते ती तिखट असते आणि मिक्सरमध्ये तिचे काटे राहतात, इथे ती चालणार नाही.

९ मार्च, रविवार

हमायका. आधी दोन पाण्यांनी झटपट धुवून घेतली, तळाला बारीक वाळू निघतेच निघते, भिजत ठेवायची नाही नाहीतर रंग तिथेच जातो.

दोन पातेली शेजारी शेजारी लावली. एकात उकळी आल्यावर पाच मिनिटं ठेवून गॅस बंद, झाकण ठेवून वीस मिनिटं. दुसरी सलग वीस मिनिटं उकळली. रंगात फार फरक नाही, चवीत मात्र खूपच आहे, जास्त उकळलेलं तुरट होतं, जीभ कोरडी पडते, आणि तो तुरटपणा साखर वाढवून जात नाही. पाच मिनिटंवालंच ठेवणार. रात्रभर थंड पाण्यात भिजवून पण करतात, त्याला फळाचा वास जास्त येतो आणि मला स्वतःला तेच जास्त आवडलं, पण २० लिटरसाठी तेवढी फ्रीजमध्ये जागा नाही.

प्रमाण, लिटरला २५ ते ३० ग्रॅम. त्याखाली गेलं की नुसतं गुलाबी पाणी. साखर लिटरला ८० ते ९० ग्रॅम, अर्क गरम असतानाच विरघळवायची. २० लिटरसाठी ५५० ग्रॅम हमायका ५ लिटर पाण्यात उकळायची, गाळून घेऊन बाकीचं थंड पाणी आणि बर्फ. पातेलं स्टीलचं किंवा इनॅमलचं, ॲल्युमिनियमचं अजिबात नको, आंबट आहे ते धातू खातं. घरमालकीणबाईंनी एक चांगली गोष्ट सांगितली, गाळलेली हमायका फेकायची नाही, तिच्यावर परत पाणी घालून एक उकळी काढायची आणि ते फिकं पाणी वाढवायच्या पाण्यात धरायचं. करून बघितलं आणि खरंच तेवढ्याच हमायकात चव लांबते.

१२ मार्च, बुधवार

चिंचेचं यंदाच्या यादीत नाही, पण घरात चिंच होती म्हणून आमच्यापुरतं केलं. यात मराठी माणसाला शिकवायला काही नाही, कोळ काढायचा, गाळायचा, पाणी आणि साखर. इथे अख्ख्या शेंगा मिळतात, टरफल काढून शिरा ओढून काढायच्या, उकळून गार झाल्यावर हाताने कुस्करायच्या. दोन लिटरला पाव किलो शेंगा. मी अर्धी साखर आणि अर्धा पानेला घातला, पानेला म्हणजे इथला गूळ, चिंचेला तोच शोभतो. मीठ, जिरं काही घालत नाहीत आणि मलाही या पाण्यात ते नकोसंच वाटलं, चिंच एकटी चांगली लागते.

मनिलाहून आकापुल्कोला १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पेनची जहाजं ये-जा करत होती, आशियातल्या कितीतरी गोष्टी या देशात त्या वाटेने उतरल्या, आंबा तर नक्कीच, एका जातीचं नाव अजून मनिलाच आहे. आज इथल्या कुठल्याही फोंडात, म्हणजे खाणावळीत, दुपारच्या जेवणाबरोबर आग्वा दे तामारिंदोचा जग येतो आणि कुणाला ते बाहेरचं वाटत नाही.

१५ मार्च, शनिवार

लिंबू, ज्याची मला सगळ्यात उत्सुकता होती. लिंबाचं सरबत आपणही करतो पण वाहाकाचं वेगळं आहे, इथे हिरव्या सालीचा किस घालून करतात आणि पाण्याला हलका हिरवा रंग येतो. लिमोन म्हणजे आपलं कागदी लिंबूच, पातळ सालीचं आणि बियांचं, फक्त घ्यायचं ते गडद हिरवं आणि कडक, पिवळं पडायला लागलेलं नको.

किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने फक्त वरचा हिरवा थर काढायचा, एका जागी दोनदा फिरवायचं नाही, खाली पांढरं दिसलं की पुढे सरकायचं कारण कडूपणा त्या पांढऱ्यात असतो. तो किस थेट साखरेवर पडू द्यायचा आणि मग बोटांनी साखरेत चोळायचा. सुरुवातीला कोरडी साखर आणि हिरवे कण वेगवेगळे दिसतात, मिनिटभरात साखर ओलसर होते, मग फिकट हिरवी, आणि सालीतलं तेल सुटलं की वास एकदम वर येतो, शेजारच्या खोलीतून विचारणा झाली काय करतेयस म्हणून. अर्धा तास तशीच झाकून ठेवायची. मग पाणी घालून साखर विरघळवायची, बारीक गाळणीतून गाळायचं, आणि रस सगळ्यात शेवटी, वाटायच्या आधी तासभर. रस आधी घातला तर चार-पाच तासांनी कडवट व्हायला लागतो आणि तो हिरवा रंग मातकट होतो. मुद्दाम एक बाटली सकाळपासून ठेवली होती, संध्याकाळी ताज्याशी लावून बघितली, कुणालाही कळेल इतका फरक.

लिटरला साधारण अडीच लिंबांचा रस, एकाची साल, १०० ग्रॅम साखर. २० लिटरसाठी ५० लिंबं आणि त्यातल्या २० चीच साल.

चिया लिटरला १० ग्रॅम. सब्जाची सवय असलेल्यांसाठी सांगते, सब्जा दोन-चार मिनिटांत फुलतो, चियाला वीस मिनिटं तरी द्यावी लागतात, आणि पाण्यात टाकल्यावर पाच मिनिटांनी परत एकदा ढवळावंच लागतं नाहीतर खाली गठळ्या बसतात त्या नंतर सुटत नाहीत. म्हणून वेगळ्या भांड्यात फुलवून मग बरणीत. चिया ही इथलीच, मेक्सिको आणि ग्वाटेमालाची. सोळाव्या शतकातल्या मेंदोसा कोडेक्स नावाच्या हस्तलिखितात, तेनोच्तित्लान या अस्तेक राजधानीला येणाऱ्या करांच्या यादीत मका आणि घेवड्याच्या जोडीला चिया आहे. आता पुण्यामुंबईत हेल्थ फूड म्हणून छोट्या पाकिटात मिळते, इथे बाजारात पोत्यातून मापाने विकतात, आणि लिंबाच्या पाण्यात ती नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं.

१७ मार्च, सोमवार

मेक्सिकोचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या जयंतीची सुट्टी (जन्म २१ मार्च १८०६ चा, इथून जवळच्या डोंगरातल्या गेलाताओ गावचा, पण सुट्टी महिन्यातल्या तिसऱ्या सोमवारी देतात). त्यांच्याच नावाच्या मार्केटमध्ये कासिल्दाचं आग्वा फ्रेस्काचं दुकान आहे, ओर्चाता करायच्या आधी तिथला पिऊन यायचा असं ठरवलं होतं. काउंटरवर ओळीने बरण्या, आणि ओर्चाता मागितला की ग्लासात आधी तुना म्हणजे निवडुंगाच्या बोंडाचा लाल गर, खरबुजाचे बारीक तुकडे, पेकान अक्रोड, आणि मग पांढरा ओर्चाता. लाल रंग खालून हळूहळू वर चढतो. लोक आधी चमच्याने फळ खातात मग पितात, मी ढवळून प्यायले. दोन्ही प्रकारे चांगलंच लागतं.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाचा ओर्चाता चुफा नावाच्या कंदाचा, मेक्सिकोत तो तांदळाचा झाला. दुधाचा, कंडेन्स्ड मिल्कचा पण करतात बऱ्याच ठिकाणी आणि डब्यातलं सिरप पण मिळतं. माझं मत स्पष्ट आहे, दूध घातलं की ते पाणी राहत नाही, खीर होते, आणि उन्हात एका ग्लासावर माणूस थांबतो. कासिल्दाचा दाट दिसतो पण घशाला हलका आहे. तसाच हवाय.

१८ मार्च, मंगळवार

ओर्चाता घरी. २०० ग्रॅम तांदूळ, दालचिनीची एक लांब कांडी, मूठभर सोललेले बदाम, फ्रीजमध्ये रात्रभर भिजवलं, सकाळी त्याच पाण्यासकट मिक्सरमध्ये फिरवलं आणि पातळ मलमलीतून गाळलं, इथे त्या कापडाला मांता दे सिएलो म्हणतात. एकूण पाणी दोन लिटर, साखर १८० ग्रॅम.

चव जमली, पण तळाशी रवाळ लागतं. मिक्सर तांदळाचे कण करतो, पीठ करत नाही. कापड दुहेरी करून परत गाळलं तर रवाळपणा गेला पण अंगही गेलं, पाणचट झालं. तांदूळ जास्त वेळ भिजवला, कोमट पाण्यात भिजवला, थोडाच फरक. उकळलेला किंवा शिजवलेला तांदूळ नको, पेज होते. घरमालकीणबाईंनी घोट घेतला आणि एकच शब्द बोलल्या, मोलिनो. म्हणजे गिरणी.

२० मार्च, गुरुवार

गिरणी! आमच्या गल्लीपासून चार चौक पलीकडे आहे, सकाळी गेलात तर बायका बादल्यांमधून चुन्यात उकळलेला मका घेऊन रांगेत असतात, एका जात्यावर मका, एकावर चॉकलेटसाठी कोको, एकावर मोले नावाच्या रश्शाच्या मिरच्या. मला धास्ती होती मिरचीवाल्या जात्यावर माझा तांदूळ गेला तर काय, आपल्याकडे गिरणीत गव्हावर बाजरी दळली तरी आई परत पाठवायची. पण तशी वेळच आली नाही, गिरणीवाल्यांनी ओर्चातासाठी म्हटल्याबरोबर दगड धुतला, माझ्याच तांदळाची पहिली मूठ घालून ती बाजूला काढली, आणि मग भिजवलेला तांदूळ, दालचिनी, बदाम सगळं एकत्र ओलंच दळलं. बाहेर पडलं ते पांढरं लोण्यासारखं वाटण, बोटांमध्ये चोळून बघितलं, कण म्हणून नाही.

घरी येऊन पाण्यात कालवलं, एकदाच गाळलं. कापडात चोथा जवळजवळ राहिलाच नाही. दोन लिटरच्या मापात आता अडीच लिटर पाणी बसतंय आणि तरी दालचिनी आणि तांदूळ दोन्ही स्वच्छ कळतात. या महिन्यातला सगळ्यात मोठा शोध माझ्यासाठी हाच. २० लिटरला १६०० ग्रॅम तांदूळ, ८० ग्रॅम दालचिनी, ४०० ग्रॅम बदाम, साखर पावणेदोन किलो. स्टार्च खाली बसतोच, ते कशानेही टळत नाही, प्रत्येक ग्लासाच्या आधी तळापासून ढवळायचं. आणि कच्च्या तांदळाचं असल्यामुळे उन्हात लवकर आंबतं, दळण त्याच सकाळी आणायचं आणि बरणी बर्फात.

२२ मार्च, शनिवार

छोट्या छोट्या गोष्टी.

कलिंगड. एक किलो गराला अर्धा लिटर पाणी पुरतं, ते स्वतःच पाणी आहे. बिया काढून घ्यायच्या, फुटल्या तर वास उतरतो. मिक्सर दोन-तीनदा नुसता टिचकी मारून फिरवायचा, जास्त फिरवला की फेस होतो. साखर फळ बघून, आजच्याला लागलीच नाही, चार थेंब लिंबू. हे त्याच दिवशी करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी चव मरते.

खरबुजाच्या बिया टाकू नयेत, गर काढून झाल्यावर बिया जाळीसकट थोड्या पाण्यात वाटून गाळल्या की पांढरं दूध निघतं, साखर-लिंबू घालून त्याचंही पाणी करतात. मला फळाच्या पाण्यापेक्षा हेच आवडलं.

काकडी, लिंबू, जरा पुदिना, सालीसकट. काही विशेष लिहिण्यासारखं नाही, दुपारी जेवताना चांगलं.

लसूणघासाचं पाणी! हो, जनावरांना घालतात तोच लसूणघास, इथे आल्फाल्फा. एक मूठ कोवळा पाला, अननस, लिंबू, मिक्सरमधून काढून गाळायचं. गडद हिरवं, अननसामुळे पाल्याचा वास दबतो. आमच्या घरात कोल्हापूरकडचं माणूस आहे, त्याला आधी पटेना की हे माणसांसाठी आहे, नंतर जग संपवला.

अननसाची सालं धुवून बरणीत पानेला, दालचिनी आणि पाणी घालून ठेवलीत, तेपाचे होईल, म्हणजे आंबवलेलं पेय. उन्हाप्रमाणे दोन-तीन दिवस लागतात, फेस आला आणि वास गोड-आंबट झाला की गाळून थंड करायचं.

तुना. मुख्य मोसम अजून लांब आहे, मिळाली ती थोडी आणि महाग, पण २० लिटर ओर्चाताला वरून घालायला पुरेल. मराठवाड्याच्या माळावर निवडुंगाची लाल बोंडं ज्यांनी खाल्लीत त्यांना कुसळांची गोष्ट सांगायला नको. बाजारात ब्रशने झाडून देतात तरी चिमट्यानेच धरायचं, दोन्ही टोकं कापायची, उभी एक चीर, आणि साल अंगरख्यासारखी उलगडून बाजूला. आतला गर चाळणीवर रगडून बिया काढल्या, थोड्या साखरेत एक चटका दिला, फ्रीझरमध्ये ठेवला.

२५ मार्च, मंगळवार

कशात काय ठेवायचं यावर आज चर्चा झाली. टेबलावर मातीची भांडी असली की शोभा येते, घरमालकीणबाईंकडे आत्सोम्पा गावच्या हिरव्या झिलईच्या जुन्या सुंदर घागरी आहेत, पण त्या जुन्या झिलईत शिसं असतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. म्हणून घागरी फक्त सजावटीला, फुलं घालून, हमायका आणि लिंबू काचेतच. चिलाकायोतासाठी सान मार्कोस त्लापासोला गावचं बिनझिलईचं लाल मडकं, त्याला काही धोका नाही आणि पाणीही गार राहतं.

फळं सगळी आदल्या दिवशी निर्जंतुक करायच्या थेंबांच्या पाण्यात ठेवायची. कलिंगडाची सालसुद्धा, कारण सुरी सालीवरूनच आत जाते.

२७ मार्च, गुरुवार, रात्री उशिरा

हमायकाचा अर्क तयार, दोन्ही उकळ्यांचा. लिंबाची साल किसून साखरेत चोळून ठेवली, हाताचा वास अजून जात नाहीये. तांदूळ भिजवला. चिया मोजून ठेवली.

बाईंनी चिलाकायोता केलं ते मी शेजारी बसून बघितलं. भोपळ्याच्या जातीचं फळ, बाहेरून हिरवं पांढऱ्या ठिपक्यांचं, आणि इतकं टणक की त्यांनी ते अंगणाच्या फरशीवर आपटून फोडलं. मोठे तुकडे पानेला, दालचिनी आणि पाण्यात मंद आचेवर ठेवले, तासभराने आतले दोरे सुटे व्हायला लागले, मग साल खरवडून काढून टाकली, अननसाचे तुकडे आणि लिंबाची साल घालून परत थोडा वेळ. तयार झालं ते गडद तपकिरी पाणी, त्यात लांब पारदर्शक दोरे आणि काळ्या बिया. बिया काढत नाहीत. ढवळताना बोलल्या की पाणी देणारी बाई परकी होती हे पोरांना सांगावं लागतं, नाहीतर ती नुसती पार्टी होते. ज्यूंचं आणि शोमरोनी लोकांचं पटत नव्हतं, तरी येशूने तिच्याकडेच मागितलं, असं. मग मला म्हणाल्या, दालचिनी काढ आता, कडू होईल.

२८ मार्च, शुक्रवार

पहाटे गिरणी, मग कलिंगडं. दहाला बोरूच्या काठ्यांची कमान बांधली, बोगनवेल आणि ताडाची पानं. अकराला लिंबाचा रस मिसळला. साडेअकराला रस्त्यावर पहिली शाळेची रांग आली.

बरेच जण घरून पेले घेऊन येतात, मुलांच्या गळ्यात दोरीने अडकवलेले हिकारा म्हणजे तुंब्याचे पेलेसुद्धा होते, ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्यासाठी आम्ही काचेचे ग्लास आणि धुवायला एक बादली ठेवली होती. वाढायचं काम मीच घेतलं. लोक थांबत नाहीत फार, एक ग्लास पितात, आशीर्वाद देतात, पुढच्या दारात जातात, तिथे दुसरं काही असतं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, ओर्चाता घेतला, तुनासकट सगळा चमच्याने खाल्ला, मग ग्लास पुढे करून म्हणाले, आता प्यायला. तांदूळ कुठे दळला ते विचारलं, गिरणीचं नाव सांगितल्यावर मान हलवली.

लिंबू सगळ्यात आधी संपलं, एक वाजायच्या आत. मग ओर्चाता. हमायका जास्त टिकली कारण जवळजवळ प्रत्येक दारात हमायका असतेच, हे पुढच्या वर्षी लक्षात ठेवायचं, तिथे १० लिटर पुरे आणि लिंबाचे दोन वित्रोलेरो. कलिंगडाचा गर वर येतो आणि पाणी खाली राहतं, ढवळणारं एक माणूस तिथे सतत पाहिजे. बर्फ सुरुवातीलाच सगळा घालायचा नाही, निम्मा नंतर, त्यासाठी प्रत्येक पाणी पहिल्यांदा किंचित जास्त कडक ठेवलं होतं, ते बरोबर ठरलं, तीन वाजताच्या ग्लासालाही चव होती.

चिलाकायोता दोरे तोंडात येतात म्हणून लहान मुलं नको म्हणतील असं मला वाटलेलं. तेच मडकं मुलांनी घेरलं होतं.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा, दोनच दिवसांनी, म्हणजे हात वाहताच होता. किनाऱ्याकडून कैऱ्या यायला लागल्यात, इथे त्या मीठ आणि मिरची लावून रस्त्यावर विकतात. चार उकडल्या, गर काढला, पानेला, वेलची आणि चिमूटभर मीठ. पन्हं आपण करतो ते बऱ्यापैकी दाट, वाटीभर घ्यायचं, हळदीकुंकवाला चांदीच्या पेल्यात दोन घोट. आज मी तेच वित्रोलेरोत लांबवलं, गराच्या दसपट पाणी, गूळ त्या मानाने कमी, भरपूर बर्फ. आई व्हिडिओवर म्हणाली अगं केवढं पातळ, पण मला वाटतं एप्रिल-मेच्या उन्हात हे प्रमाण आपल्याकडेही चालेल, पन्ह्याचं पाणी म्हणून, ग्लासभर प्यायला. बाईंना एक जग खाली नेऊन दिला. त्यांना वेलची नवीन होती. अर्धा जग संपल्यावर त्यांनी त्यात उरलेली चिया घातली आणि मला परत वर पाठवून दिला, बघ म्हणून. चांगलं लागतं.

३१ मार्च, सोमवार

परवा २९ तारखेपासून मेक्सिकोभर शाळांमध्ये कोल्ड्रिंक आणि जंक फूड विकायला बंदी लागू झालीये. गोड पेयांवर कर २०१४ पासून होता, सुरुवातीला लिटरला एक पेसो, आणि वाहाका राज्याने तर २०२० मध्येच लहान मुलांना असली पेयं विकायला मनाई केली होती. कोपऱ्यावरच्या शाळेत पोरांना साधं पाणी ठेवायचंय असं कळलं. आग्वा फ्रेस्कात पण साखर असतेच, ते लपवून उपयोग नाही, लिटरला ८०-९० ग्रॅम म्हणजे कमी नाही. म्हणून आता पुढची टेस्ट तीच, साखर निम्म्यावर आणून कुठलं पाणी तग धरतं. कलिंगड आणि खरबूज धरतीलच. हमायकाबद्दल शंका आहे, तिला संत्र्याचा रस किंवा शिजवलेलं बीट जोडून बघायचं. ओर्चाताला तांदूळ थोडा भाजून घेतला तर गोडवा वाटतो म्हणतात, तेही.

उकळलेल्या हमायकाचा चोथा फ्रीजमध्ये होता, त्याचं आज जेवण झालं. कांदा, भरपूर लसूण, सुकी मिरची, तेलात चांगलं परतून, किंचित गूळ. इथे असंच तोर्तियात केसियो चीजबरोबर घालून केसादिया करतात. मी निम्म्यात दाण्याचं कूट घातलं, अंबाडीच्या भाजीला घालतो तसं, आणि ज्वारीची भाकरी नव्हती म्हणून मक्याच्या तोर्तियाबरोबर खाल्लं. चोथा दोनदा उकळलेला असला तरी आंबटपणा भाजीपुरता राहतो.

तेपाचेची दुसरी बरणी आज लावली, पहिली गुरुवारीच संपली होती. तिसऱ्या दिवशी गाळायचं, पण दुपारी ३३ डिग्री आहे तेव्हा उद्या रात्रीच एकदा चाखून बघायला हवं.